ऐकणाऱ्यांची वही

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून देहूही जवळ आणि चाकणही. देहूचा कुणबी कवी कीर्तनाला उभा राही, तेव्हा मागे टाळकरी असत. परंपरा त्यांची संख्या 14 सांगते. हे केवळ साथीदार नव्हेत. नव्या अभंगाचे ध्रुपद ते पुन्हा पुन्हा म्हणत, ऐकणाराही म्हणे, आणि घरी जाताना अभंग त्याच्या ओठी असे. चाकणचे संताजी जगनाडे, जातीने तेली, ते लिहून ठेवीत. शूद्राने वेदार्थ सांगू नये, म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे भाविक मानतात. आम्हांस वाटते, अभंग बुडालेच नव्हते. ते तेल्याच्या बाडात आणि लोकांच्या तोंडी होते. बुडवणाऱ्यांना या वहीचा पत्ताच नव्हता!

वामनदादा कर्डकांनाही (1922–2004) छापखान्याआधी वस्तीनेच जपले. जयंतीच्या मंडपात म्हटलेले नवे गाणे दुसरा गायक उचली, पुढच्या गावी नेई. यात कवीचे नाव गळण्याची भीती असते. वामनदादा तुकोबांप्रमाणेच शेवटी आपले नाव गुंफीत. म्हणून पुस्तक हाती नसतानाही गाणे कोणाचे, हे वस्तीला कळे.