कातकऱ्यांनी किती वेळा सांगायचे?

मुळशी तालुक्यात गावठाणापासून जरा लांब, डोंगराच्या उतारावर, कातकऱ्यांच्या वाड्या आढळतात. सरकार दरबारी आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती महाराष्ट्रात तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांविषयी ठरावीक बोलणे कानावर येते. एका जागी टिकत नाहीत, पोरे शाळेत बसत नाहीत, चार पैसे आले की दारूत घालवतात. असे समज दूर कोणी करायचे? पूर्वग्रह सोसणाऱ्या जवळपास प्रत्येक समाजाला कधी ना कधी सल्ला मिळतो, ‘तुम्हीच पुढे या आणि लोकांना नीट समजावून सांगा.’

पूर्वग्रह निव्वळ अज्ञानातून येत असता तर हा सल्ला रास्त ठरला असता. पण कातकऱ्यांचे ‘न टिकणे’ घडले कसे ते पाहावे. खैराचा गाभा तासून ढलप्या उकळायच्या, काढा आटवायचा आणि घट्ट झाल्यावर त्याच्या वड्या पाडायच्या, हा त्यांचा पिढीजात काताचा धंदा. जंगलावर सरकारी ताबा आला, खैरतोडीवर बंधने आली आणि धंदा बसला. त्यानंतर कोळसा पाडणे आले, मग वीटभट्टी. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर न्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. शाळेच्या हजेरीपटावर पोराची गैरहजेरी दिसते, बापाची उचल दिसत नाही. मुकादमाला आणि भट्टीमालकाला मात्र हे सारे तोंडपाठ असते. तरीही समज टिकतो, कारण तो सोयीचा आहे. ‘हे लोक असेच’ म्हटले की कमी मजुरी देताना मनाला टोचत नाही.

काही समज तर कायद्यानेच पेरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी यांसारख्या जमाती त्यात भरडल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, तरी आजही गावात चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो.

सांगणाऱ्यांनी सांगितले नाही, असे मुळीच नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ताने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. या पुस्तकांनी मराठी वाचकाला हादरवले, हे त्यांचे मोठे काम आहे. पण त्यासाठी लेखकांना आपल्या आईबापांची उपासमार आणि मानहानी चारचौघांत उघडी करावी लागली. ‘बलुतं’वर तर दलित समाजातूनही काहींनी नाराजी दाखवली. ही किंमत मोजायची की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. इतरांना ती मागण्याचा हक्क नाही.

समज दूर कोणी आणि कसे करायचे, या वादाचा सर्वांत नेमका विचार डॉ. आंबेडकरांच्या एका पत्रात आहे. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, लंडनला जाताना बोटीवरून, त्यांनी ते गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या अस्पृश्यता निवारण संघाचे, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाचे, सरचिटणीस ठक्करबाप्पा यांना लिहिले. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरचा हक्क प्रत्यक्ष बजावण्याची मोहीम हाती घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. रूढी सुरळीत चालू असेपर्यंत सवर्ण माणूस विचारच करत नाही, तिला धक्का बसला की करतो, हे त्यामागचे निरीक्षण. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, म्हणून प्रायश्चित्तही त्यांनीच करावे, ही गांधीजींची भूमिका. ओझे योग्य खांद्यावर टाकणारी ही भूमिका उदात्तच होती. पण त्यातून हरिजन सेवक संघाचा कारभारही सवर्णांच्याच हाती राहिला. शिकण्याची जबाबदारी बहुसंख्यांची असली, तरी काय शिकायचे हे ठरवताना सोसणाऱ्याचा शब्द हवाच. संघात नेमके तेच झाले नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की, दोन गटांचा संपर्क आला की पूर्वग्रह आपोआप कमी होत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि कायद्याचे किंवा संस्थेचे पाठबळ हवे. मालक आणि उचल घेतलेला मजूर रोज समोरासमोर येतात, पण यातली एकही अट तिथे पुरी होत नाही. ग्रामसभेत कातकरी बाईने वाडीच्या पाण्याचा विषय मांडला आणि तो ठरावात उतरला, तर पुष्कळशा पुऱ्या होतात.

सरकारी कचेरीचे वळणही बदलावे लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भट्टीमागे फिरणाऱ्या, सातबारा नसलेल्या कुटुंबाने तो आणायचा कुठून? मुळशीच्या वाडीवरून पौडच्या तहसील कचेरीत खेटा घालायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि आपण कोण हे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी देशातल्या ७५ आदिम जमातींसाठी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात आधार कार्ड आणि जातीचे दाखले वस्त्यांजवळच्या शिबिरांत देण्याची तरतूद झाली. अशा शिबिरात जुने पुरावे शोधण्याचे काम गावपातळीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी दप्तरातून करायला हवे. शाळेच्या जुन्या रजिस्टरातली किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली आजोबांची नोंद त्यांच्या हाताशी असते, कातकऱ्याच्या नसते.