वेग वाढला, हिशेब जुळला का?

बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातून निघणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. आपल्या पिठाच्या गिरणीची मोटार त्याच आवर्तनाच्या तालावर फिरते. संगणकाच्या पोटातही असाच एक ताल असतो. मात्र तो सेकंदाला लाखो ठोक्यांचा. क्वार्ट्झ स्फटिकाचा इवलासा तुकडा विजेच्या योगाने ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्यावर प्रक्रियकाचे सारे काम चालते.

१९८२ मध्ये इंग्लंडात आलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक पुढे पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात आणला. त्याचा प्रक्रियक ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर चाले. हा ठोका १४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून मिळे. टीव्हीवरील चित्राची वेळही तोच स्फटिक सांभाळी आणि कॅसेटवरील प्रोग्राम वाचताना काळ मोजला जाई तोही याच ठोक्यांनी. म्हणून नुसता स्फटिक बदलून वेग वाढवला, तर चित्र बिघडे आणि जुन्या कॅसेटी वाचता येत नसत.

१९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. पुढे त्याच धर्तीचे ८ व १० मेगाहर्ट्झचे संगणक आले आणि त्यांच्या दर्शनी भागावर 'टर्बो' बटण दिसू लागले. नाव वेगाचे असले, तरी बटणाची खरी गरज वेग उतरवण्यासाठी होती. ठोके मोजून वेळ साधणारे जुने प्रोग्राम, विशेषतः खेळ, वाढलेल्या वेगात आवाक्याबाहेर धावत.

हौशी मंडळी आजही अशा यंत्रांचा वेग वाढवतात. परंतु ठोका दुप्पट केला, की मेमरीला उत्तर देण्यास निम्माच अवधी उरतो. तिला ते साधले नाही, तर यंत्र बंद पडते किंवा कोणतीही सूचना न देता चुकीचा अंक पुढे पाठवते. बंद पडलेले यंत्र निदान लक्षात तरी येते. खातेवहीत शिरलेला चुकीचा अंक वर्षअखेरीस ताळा जुळेनासा झाल्यावरच डोळ्यांत भरतो. शिवाय फ्लॉपी आणि प्रिंटर आपल्याच गतीने चालतात. त्यामुळे प्रक्रियकाचा वेग दुप्पट झाला, म्हणून बिले दुप्पट वेगाने छापून निघत नाहीत.

दुकानाच्या माळ्यावर जुना संगणक असेल, तर प्रथम त्यातील नोंदींची प्रत काढावी आणि मूळ स्फटिक जपून ठेवावा. प्रयोग त्यानंतर. तराजू कितीही झपाट्याने चालवला, तरी विश्वास बसतो तो त्याच्या काट्यावरच.