केबल काढली, पण मॅच पाहिली!

आमच्या घरात तीन भाषा सुखाने नांदतात. माझं माहेर जैनथचं, म्हणजे मराठी. सासर भालकीचं, म्हणजे कानडी. आणि आदिलाबादच्या बाजारात पाऊल टाकलं की तेलुगूशिवाय कोथिंबिरीची जुडीही मिळत नाही. सासूबाईंना मी कानडी रीतीने ‘अत्ते’ म्हणते. माहेरच्या पाहुण्यांना वाटतं, मी आत्याबाईंशी बोलतेय!

भाषांवरून आमच्याकडे कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते केबलच्या बिलावरून.

तीन भाषा, एक बिल

२०१९ च्या फेब्रुवारीत नवी दरपद्धत आली. हवी ती वाहिनी निवडा आणि तिचेच पैसे भरा, असं सांगण्यात आलं. ऐकायला छान वाटलं. पण आमच्या केबलवाल्याच्या मूळ संचात बहुतेक वाहिन्या तेलुगू. मला मराठी हवी, अत्तेंना कानडी, ह्यांना बातम्या आणि मुलीला खेळ. एकेक वाहिनी जोडत गेलो आणि बिल फुगत गेलं. शेवटी ह्यांनी एक दिवस जाहीर केलं, “साकु! आता केबल बंद.”

तेव्हा मुलगी बारावीत होती. पुढे ती शिकायला बेंगळुरूला गेली आणि कॉलेजच्या कबड्डी संघात आली. मला कोण आनंद झाला! कारण १९९२ साली मीही कबड्डी खेळायला आदिलाबादहून वरंगलला गेले होते. इथली कॉलेजं काकतीय विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन सामने तिकडे. आम्ही दुसरा सामना जिंकलो, तिसरा हरलो. वडिलांना ते कळलं तीन दिवसांनी, मी एसटीतून उतरून घरी गेल्यावर. “जिंकलीस का गं?” एवढंच त्यांनी विचारलं. मला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नाही. ते गेले, आता पाहणारही नाहीत.

मुलीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. पण घरात केबल नव्हती. आणि अत्तेंचा त्या खेळालाच विरोध होता. “अर्ध्या चड्डीत चारचौघांत पोरगी झोंबाझोंबी करते. पुरे झालं आता. स्थळं बघा,” असं त्या दर सणाला म्हणायच्या.

आग्नेयेचं ताट

आधी आम्ही दूरदर्शनची मोफत डिश लावली. वाचकहो, ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, नंतर महिन्याचं भाडं नाही. आम्हाला सगळं मिळून दोन हजारांच्या आत पडलं. तुम्ही घ्याल तेव्हा बॉक्स ‘एमपेग-४’ प्रकारचा आहे ना, एवढं दुकानात विचारून घ्या. जुन्या प्रकारच्या बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत.

या सेवेचा उपग्रह जीसॅट-१५. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आदिलाबादहून पाहिलं तर ती दिशा आग्नेय, आणि डिश बरीच वर, आकाशाकडे तोंड करून लावावी लागते. मेकॅनिक गच्चीवर डिश फिरवत होता आणि अत्ते खालून पाहत होत्या. म्हणाल्या, “आग्नेयेला चूल असते. हा तिथे ताट मांडतोय!”

चित्र आलं आणि त्या ओरडल्या, “बंतु, बंतु!” आलं, आलं! एकाच बॉक्सवर माझी सह्याद्री, त्यांची चंदना आणि शेजारणीला आवडणारी यादगिरी. शिवाय डीडी स्पोर्ट्स. मार्च १९९८ मध्ये सुरू झालेली ही वाहिनी आमच्याकडे केबल असताना कधी कुणी लावलीच नव्हती.

आमच्या कामाची वाहिनी हीच होती. ‘खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा’ तिच्यावर दाखवतात. पहिली स्पर्धा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वरला झाली. तिथे द्युती चंद १०० मीटर जिंकली आणि आपलं पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ पदकतक्त्यात दुसरं आलं. दुसरी स्पर्धा २४ एप्रिल ते ३ मे २०२२ या काळात बेंगळुरूला झाली आणि यजमान जैन विद्यापीठानेच ती जिंकली. त्याच वर्षी या स्पर्धेत मल्लखांब पहिल्यांदा आला. खेळ मराठी मातीचा, मैदान कानडी मुलुखाचं. आमच्या घरी त्या आठवड्यात कुणी जिंकलं तरी पेढे आपलेच! पुढे २०२३ मध्ये उत्तर प्रदेश, २०२४ मध्ये ईशान्येची राज्यं आणि २०२५ च्या अखेरीस राजस्थान, अशी ही स्पर्धा फिरत राहिली.

एकच डीडी, दोन चित्रं

इथे एक कोडं सोडवून सांगते, कारण ते अनेक घरांत पडतं. भारताचा क्रिकेट सामना शेजारच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसतो. तीच वाहिनी केबलवर लावली तर तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. केबलवाल्याने काही लबाडी केली का? नाही.

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं चित्रण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ते चित्रण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या केंद्रांतून आणि आपल्या मोफत डिशवरूनच दाखवायचं, केबल आणि खासगी डिशवाल्यांमार्फत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. गच्चीवरच्या जुन्या काटेरी अँटेनावर मात्र विसंबू नका. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग केंद्रं देशभर जवळपास सगळी बंद झाली आहेत.

कॉलेजच्या खेळांना मात्र या कायद्याचं छत्र नाही. ते दिसतात ते दूरदर्शन स्वतः दाखवतं म्हणून.

तिकडे अमेरिकेत

माझ्या नणंदेचा मुलगा टेक्सासमध्ये शिकतो. त्याला आमचं हे सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. तिकडे प्रश्न अगदी उलटा. तिथे कॉलेजच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र वाहिन्या आहेत. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सामने विकण्याची एकाच संस्थेची मक्तेदारी मोडली. मग विद्यापीठांचे गट आपापले हक्क विकू लागले. ‘बिग टेन नेटवर्क’ २००७ मध्ये आलं, ‘एसईसी नेटवर्क’ २०१४ मध्ये.

तिकडेही पोरं केबल काढून टाकतात आणि इंटरनेटवरून वाहिन्या घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने केबलशिवाय थेट ॲप आणलं, तेव्हा त्याची किंमत महिन्याला २९.९९ डॉलर होती. आपले अडीच हजारांहून जास्त झाले. म्हणजे आमचं आग्नेयेचं ताट तिकडच्या एका महिन्यापेक्षा स्वस्त! आणि इतके पैसे मोजूनही खात्री नाही. ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२५, ऐन हंगामात, यूट्यूब टीव्ही आणि डिस्ने यांच्यात पैशावरून वाद झाला आणि ईएसपीएनसकट वाहिन्या त्या सेवेवरून गायब झाल्या. नणंदेचा मुलगा दोन शनिवार मित्राच्या घरी जाऊन मॅच पाहत होता. आपल्याकडे पूर्वी रामायण पाहायला शेजारी जायचे, तसंच की!

कोपऱ्यातला एक मोबाइल

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. “आई, दक्षिण विभागाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांत मी खेळणार!” अशा सामन्यांतून पुढे निघालेले संघच वरच्या स्पर्धेला जातात. मी लगेच डीडी स्पोर्ट्स लावलं. तिथे काहीच नव्हतं. विभागीय सामने टीव्हीवर येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

ह्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली. ‘थेट प्रक्षेपण मोफत’ असं म्हणणाऱ्या दहा लिंका निघाल्या. एकीने मुलीच्या विद्यापीठाचं नावही दाखवलं, फक्त नोंदणीसाठी कार्डाचा नंबर मागितला. ह्यांनी तो टाकायला घेतला होता. मी हात धरला. वाचकहो, फुकट मॅचला कार्डाचा नंबर लागत नाही. मागितला की समजा, तिथे मॅच नाही, दुसराच खेळ चालू आहे.

खरी लिंक शेवटी मुलीनेच पाठवली. यजमान विद्यापीठाने हॉलच्या कोपऱ्यात एक मोबाइल उभा केला होता आणि यूट्यूबवर चित्र सोडलं होतं. समालोचन नाही, गुणफलक दिसत नाही, मधूनच कुणाचं तरी डोकं आडवं येतं. आमचं नेट इतकं अडखळत होतं की चित्र सगळ्यांत खालच्या दर्जावर ठेवलं. त्यात मुलगी कुठली आणि पंच कुठला, काही समजेना. मग मी गच्चीवर गेले. तिथे रेंज बरी होती. पाठोपाठ हे आले आणि गुडघे धरत अत्तेही आल्या. “मला नको ते बघायला,” असं म्हणत आल्या.

डिशच्या शेजारी, पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून आम्ही तिघं बसलो. महिलांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा. पूर्वार्ध अत्तेंनी दुसरीकडे तोंड करून ऐकला. उत्तरार्धात मुलगी चढाईला गेली. चौघींनी मिळून तिला धरलं आणि ती कोपरावर आपटली. खेळ थांबला.

“बिद्दळु,” अत्ते म्हणाल्या. पडली. आता त्यांचं तोंड मोबाइलकडे होतं.

कुणीतरी कोपराला पट्टी बांधली. संघाने गुण मिळवला तशी ती परत आत आली आणि पुन्हा चढाईला गेली. या वेळी एकीला शिवून, रेषेवर लांब झोपून, हात पोचवून परत आली.

“एद्दळु!” अत्तेंनी माझ्या मांडीवर थाप मारली. उठली!

सामना आम्ही चार गुणांनी हरलो. संघ पुढे गेला नाही. रात्री फोन आला तेव्हा मी ‘कशी झाली मॅच’ विचारणार, तोच अत्तेंनी फोन काढून घेतला आणि कोपराला हळद लावलीस का, असं विचारलं. मग हळूच, “मुंदिन म्याच यावाग?” पुढची मॅच कधी?

स्थळांचा विषय घरातून गेला असं नाही. पण तो पदवीनंतरवर गेला आहे. अर्ध्या चड्डीचा विषय मात्र त्या दिवसानंतर निघाला नाही.

मग करायचं काय?

मैत्रिणी विचारतात म्हणून अनुभवातलं थोडं सांगते. मोठ्या स्पर्धांसाठी फ्री डिश पुरते. डिश नसेल तर ‘प्रसार भारती स्पोर्ट्स’ हे यूट्यूब चॅनेल पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ ॲपही आहे. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या मोबाइलवर दिसतात. मात्र नेट फुकट नसतं. मध्यम दर्जाचं चित्र तासाला साधारण पाचशे ते सातशे एमबी खातं. मोबाइलचा रोजचा डेटा सकाळी रीलमध्ये उडवला तर संध्याकाळी मॅच अर्ध्यावर थांबणार, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र थोडा वेळ जातं. मेकॅनिकला बोलावू नका, आकाश मोकळं होऊ द्या.

लहान सामन्यांसाठी लिंक थेट खेळाडूकडून किंवा कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांकडून मागा, तीही आदल्या दिवशी.

आणि एक विनंती कॉलेजांना. मोठे कॅमेरे नकोत, समालोचक नकोत. एक मोबाइल, एक तिपाई, आणि गुणफलक दिसेल असा कोपरा, एवढं पुरे. हरणाऱ्या संघाचंही कुणीतरी कुठल्या तरी गच्चीवर बसलेलं असतं.

परवा मेकॅनिक डिश तपासायला आला होता. पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची बघून म्हणाला, “ही इथे कशाला? काढू का?” अत्ते खालून ओरडल्या, “बेड! राहू दे. पुढच्या महिन्यात मॅच आहे.”