शंभराच्या नोटेवरची वाव

बचतीच्या बैठकीत १०० रुपयांची फिकट जांभळी नोट हाती आली, की उलटून बघा. तिच्यावर गुजरातमधल्या पाटणची ‘राणी की वाव’ आहे. वाव म्हणजे आपली पायऱ्यांची बारव. ११व्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेवाच्या स्मरणार्थ ती बांधली. जमिनीखाली ७ मजले, ५०० हून जास्त मोठी शिल्पं! सरस्वती नदीच्या पुरात ती गाळाने बुजली. पुरातत्त्व खात्याने गाळ उपसला, तेव्हा शिल्पं पुन्हा उजेडात आली. २०१४ पासून ती जागतिक वारसा आहे.

गटाची सहल गुजरातला निघाली तर पाटण चुकवू नका. आधी सूत रंगवून मग विणतात तो पटोळाही तिथलाच. आणि परतल्यावर आपल्या गावच्या बारवेत डोकावा. तिथे कचरा पडतोय का? मग पुढच्या बैठकीत तोच विषय घ्या.