आईबापांचा भरंवसा आणि मुलाचें पान

गेल्या चातुर्मासांत सांगलीस आमच्या घरीं एक लहानसें प्रकरण झालें. चार वर्षांचा नातू दोडक्याची भाजी दिसतांच पान दूर ढकली, आणि सूनबाई हताशपणें म्हणे, “हें माझ्या हातून व्हावयाचें नाहीं.” (दोडका मलाही बाळपणीं आवडत नसे, हें अलाहिदा.) मूल तिच्या शब्दांपेक्षां तिचा स्वर अधिक ऐकत होतें. लिहावयास संकोच वाटतो, परंतु तिचा धीर खचविणारा मुख्य अपराधी मीच! तिनें पान वाढावें, तोंच माझ्या खिशांतून बिस्कीट निघे. एकत्र कुटुंबांत लाड करणारे हात पुष्कळ. त्यांतील प्रत्येक हात आईच्या शब्दाचें वजन थोडथोडें उतरवितो.

‘हें मला साधेल’ या भरंवशाची मीमांसा अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं केली. असा भरंवसा उपदेशापेक्षां प्रत्यक्ष करून साधल्यानें अधिक वाढतो, असें त्याचें प्रतिपादन. नवी चव अंगवळणीं पडावयास मुलाला तो पदार्थ कधीं आठ-दहा, कधीं पंधरा वेळांही चाखावा लागतो. दुसऱ्याच दिवशीं हार मानणारी आई तेथवर पोंचणार कशी?

व्यायामाचेंही तेंच. साताऱ्याकडे शिक्षक असतांना औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांच्याविषयीं वृद्धांकडून पुष्कळ ऐकलें. आरंभीं त्यांनीं कित्येक वर्षें सँडोची पद्धत चालविली. पुढें १९०८ सालीं मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून सूर्यनमस्कार धरले. स्वतःला गुण आल्यावर मग संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले. शाळेंत हुकूम चालतो, घरीं चालत नाहीं; तेथें मूल बापाकडे पाहतें. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनीं १९७० सालीं सूर्यनमस्कारांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकांठीं तीन तास हालचाल व्हावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. आंकडा ऐकून सूनबाई घाबरली. परंतु कृष्णेच्या घाटापर्यंत चालणें, जिना चढणें, अंगणांत धांवणें, हें सर्व त्यांत येतें.

अखेर आम्हीं ठरविलें: काय व केव्हां वाढावयाचें तें आईनें पाहावें, किती खावयाचें तें मुलानें, इतरांनीं आपापलें जेवावें. चिरंजीव सकाळीं तीनच नमस्कार घालूं लागले. बारांचा संकल्प घरांत पूर्वीं दोनदां मोडला होता. कांहीं दिवसांनीं नातूही सतरंजीच्या कोपऱ्यावर ओणवा होऊं लागला. दोडका अद्याप अर्धाच संपतो. बिस्किटांचा डबा मात्र आतां सूनबाईच्या ताब्यांत आहे, आणि मला विचारल्यावांचून मिळत नाहीं.