फाटक नसलेलं अभयारण्य

पोट्टेहो, पेंचचं जंगल तुम्ही पाहिलं. फाटकावर नावं लिहा, गाईड घ्या, मग जिप्सी आत. त्या जंगलातून येणारी पेंच आपल्या कामठीजवळ कन्हानला मिळते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण आज ज्या अभयारण्याची गोष्ट सांगतो त्याला फाटक नाही, कुंपण नाही, आणि त्याच्या आत चक्क शिवाजी महाराजांचा किल्ला आहे.

मालवणचा सिंधुदुर्ग! महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला आणि तीन वर्षांत उभा केला. पुढे 13 एप्रिल 1987 ला सरकारनं तिथला 29 चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यातला जेमतेम तीन चौरस किलोमीटरांचा भाग म्हणजे गाभा. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्यातच येतात.

आता हा समुद्र काही निवांत नाही बरं. बंदरातून किल्ल्याकडे बोटी धावतात, होड्या मासे घेऊन येतात, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा आरडाओरडा. आणि या सगळ्या गलबल्याच्या खाली, दोन-तीन पुरुष खोल पाण्यात, कातळावर एक जनावर मुकाट्यानं घर बांधत बसलेलं असतं.

“आबा, शार्क?” थोरल्यानं विचारलं.

नाही रे. पोवळं. नखाएवढा मऊ जीव, तोंडाभोवती बारीक शुंडकांची झालर. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो बुडाखाली दगड रचतो. एकाशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा, अशा हजारोंची मिळून वसाहत होते. काही गोलसर जातींची वाढ वर्षाला सेंटीमीटरभर, कधी तेवढीही नाही. म्हणजे तुमच्या उंचीचं पोवळं पाहिलंत तर ते माझ्याहून म्हातारं समजा आणि नमस्कार करा. आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं मात्र निराळ्या जातीचं, फार करून भूमध्य समुद्रातलं. मालवणची तपकिरी, हिरवट, पिवळसर.

तो रंग त्यांचा स्वतःचा नव्हे, खरी गंमत इथे आहे. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल किरायानं राहतं. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा घरमालकाला किराया म्हणून देतं. बदल्यात मिळते सुरक्षित जागा आणि मालकाच्या अंगातून निघालेलं खत. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे जमेनासं होतं. पोवळं किरायेदाराला बाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. ते लगेच मरत नाही, उपाशी पडतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परतून येतं, नाहीतर नुसता चुना उरतो. मालवणातही अशी पांढरी पडलेली पोवळी सापडली आहेत. आपण इथे मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसतो, कूलर लावून का होईना. त्या बिचाऱ्याला दोन अंश जड जातात.

आणि हे दगड रचणं किती जुनं? आपल्या गावाचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे सांगितलं होतं ना? कामठीचा वालुकाश्म, ज्यात पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे मिळतात. आजच्या पोवळ्यांचे पूर्वज दगड रचू लागले ते त्यानंतर. तेव्हापासून काम चालू आहे.

धाकटी म्हणाली, “मग पोवळी वाचवायला मासेमारांना तिथून हाकलून द्यायचं!”

इथेच मोठी माणसंसुद्धा घसरतात, बाई. गाबीत लोक त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्यांना वाटलं, आता आपलं पोट बंद, आणि त्यांनी विरोध केला. मला त्यात नवल वाटत नाही. पण खडकाच्या फटींत, पोवळ्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, मोठी झाली की बाहेर पडतात आणि जाळ्यात येतात. म्हणजे पोवळं टिकण्यात गाबिताचाच फायदा. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन जाळ्यानं अख्खा थवा घेरू लागल्या, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवला तोही याच रापणकरांनी. 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले. पण समुद्रावर पहारा ठेवणं जंगलाइतकं सोपं नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

त्यातून आता पर्यटक. नाकावर चष्मा लावून पाण्यात उतरतात, दमले की पोवळ्यावरच पाय टेकतात. वरून बोटीचा नांगर पडतो आणि पन्नास वर्षांचं बांधकाम क्षणात मोडतं. 2001 साली पोवळ्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, वाघाच्या यादीत. वाघावर पाय द्यायची कोणाची छाती होईल का?

“आबा, आपण कधी जायचं?”

दिवाळीनंतर. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद असतात आणि पाणी गढूळ. कुडाळला उतरायचं, पुढे एसटी. पण पाण्यात उतरायचं तर आधी तरंगायला शिका. ज्याला तरंगता येत नाही तोच पाय टेकायला जागा शोधतो.