कृत्रिम गुडघ्याचे रोपण : पद्धती व परिभाषा

या शस्त्रक्रियेस मराठीत सर्रास 'गुडघा बदलणे' असे म्हटले जाते. शब्द सोयीचा, पण फसवा आहे. वस्तुतः मांडीच्या हाडाचे खालचे व नडगीचे वरचे टोक साधारणतः ८ ते १० मिलिमीटर जाडीने कापून त्यांवर धातूचे भाग बसवितात आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवतात. बाजूचे अस्थिबंध व स्नायू रोग्याचेच राहतात. सारे कौशल्य या उरलेल्या भागांशी जुळवून घेण्यात आहे.

गुडघ्यावर समोरून उभा छेद घेऊन वाटी बाहेरच्या अंगास सरकवितात. खुबा, गुडघा व घोटा यांचे मध्यबिंदू एका रेषेत यावेत, हे रूढ पद्धतीचे सूत्र होय. मांडीचे हाड मात्र या रेषेस तिरपे असते. म्हणून त्याच्या पोकळीत सळई घालून तिच्या अनुरोधाने ५ ते ७ अंश कलता छेद घेतात. नडगीवरील छेद रेषेशी काटकोनात असतो. यानंतरचे काम अधिक नाजूक. पाय सरळ असता आणि ९० अंशांत वाकविला असता हाडांमधील फट आयताकृती व सारखीच भरली पाहिजे. वाकविलेल्या स्थितीत ती अरुंद राहिल्यास गुडघा पुरता वाकत नाही. रुंद झाल्यास डगमगतो. पाय धनुष्याकृती झालेल्या रोग्यांत आतील अस्थिबंध आखडलेले असतात. ते टप्प्याटप्प्याने सैल करावे लागतात. एकदा अतिरेक झाला की मागे फिरणे कठीण. शेवटी भाग बहुधा अस्थिसिमेंटने पक्के करतात.

या तंत्राचा पाया १९७४ च्या 'टोटल कॉन्डिलर' सांध्याने घातला. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर यांनी तो सिद्ध केला. त्यात मागील स्वस्तिकबंध छेदला जाई. तो राखावा की नाही, याविषयी आजही दोन पक्ष आहेत. याच राणावतांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रियेने दुरुस्त केला.

'सांधेरोपण' ही संज्ञाही निर्दोष नाही. 'रोपण' म्हटले की रुजणे, वाढणे आले. 'पृष्ठावरण' अर्थाने नेमके, परंतु ते रोग्याच्या तोंडी बसणार नाही. प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. कोरेगाव भीमासारख्या गावी खुरपणी उकिडवे बसूनच होते. 'गुडघा बदलून मिळेल' एवढेच ऐकून संमतिपत्रावर सही करणाऱ्या शेतकरी स्त्रीस पूर्ववत उकिडवे बसता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. शस्त्रक्रियेनंतर तर बहुधा तेच टाळण्यास सांगितले जाते. तेव्हा 'झिजलेल्या टोकांवर धातूचे आवरण बसविणे' हे लांबलचक वाक्यच संमतिपत्रात असणे इष्ट, आणि त्याच्या लगत उकिडवे बसण्याविषयीची सूचनाही.